खांदमळणीचा लोटा

थावरूभाऊ यायच्या आधी त्यांची सायकल यायची. म्हणजे सायकलचा आवाज. गिरणीच्या फाटकापासून आमच्या कॉम्प्रेसर रूमपर्यंत सव्वाशे पावलं असतील, पण तेवढ्या अंतरात ती साखळी अशी किंचाळायची की कडुनिंबावरचे कावळे उडायचे आणि जागा बदलून पुन्हा बसायचे.

पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मला वाटलं, कुठल्या तरी मशीनचं बेअरिंग गेलं. मी घाबरून बाहेर धावलो. घाबरून धावणं हा माझा जुना स्वभाव. समोर एक उंच, काटक माणूस सायकलवरून उतरत होता. अंगात दोघं मावतील असा ढगळ खाकी शर्ट, पायात एक नंबर मोठ्या चपला, कानामागे पेन्सिल.

"काय झालं?"

"काहीतरी घासतंय," मी म्हणालो.

"माही सायकल हाय ते." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पन कान चांगला हाय तुहा. कुठचा?"

"गुहागरकडचा. कोकणातला. समुद्राजवळ गाव आहे."

"बाप्पा! मंग एवढ्या दूर कायले आला? पानी कमी पडलं का तिकडं?"

त्या दिवसापासून मी 'समुद्रवाले' झालो. माझं खरं नाव गिरणीत फक्त हजेरीबुकाला माहीत होतं.

मी आलो होतो मशीन बसवणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर. मारेगावच्या अलीकडे ही सूतगिरणी. चहूकडे कापूस आणि तूर, मध्ये पत्र्याची लांबलचक शेड. दोन महिन्यांचं काम संपलं, ठेकेदाराची माणसं गाडीत बसून गेली आणि मी राहिलो. घरी आई आणि धाकटी बहीण. परत जाऊन करायचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वय एकतीस, शाळा आठवीत सोडलेली, हातात कागद म्हणून फक्त आधार कार्ड. मॅनेजरसाहेबांनी मला कॉम्प्रेसरवर दुसऱ्या पाळीला घेतलं, तेही "बघू" म्हणून. त्या 'बघू'वर मी जवळजवळ वर्षभर जगलो. साहेब रूमजवळून गेले तरी मी उगाच पाना हातात घ्यायचो.

थावरसिंग राठोड हे गिरणीचे फिटर. सगळे त्यांना थावरूभाऊ म्हणत. इथून दोन कोसांवरच्या तांड्यावर त्यांचं घर, चार एकर शेत, एक बैलजोडी आणि आई. ती फोन करायची तेव्हा ते बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलत. मला त्यातला एकच शब्द कळायचा, 'याडी'. म्हणजे आई. फोन ठेवला की माझ्याकडे वळून विचारायचे, "तुह्या याडीले केला का फोन?" मी केलेला नसला तर मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. "आधी फोन, मंग पाना."

त्यांची सगळी भक्ती होती ती त्या मोठ्या कॉम्प्रेसरवर. तो ऑइल-फ्री. त्याच्या पोटात पिळाची दोन जाड लोखंडी लाटणी शेजारी-शेजारी फिरतात आणि हवा दाबून पुढे ढकलतात. दोन्हींच्या मध्ये केसाएवढी फट. तिथं तेलाचा थेंब चालत नाही, कारण ती हवा थेट सुतापर्यंत जाते आणि सुतावर डाग पडला की माल गेला. पण शेपटीकडे, पेटीत, त्या लाटण्यांना तालात फिरवणारी दातेरी चाकं असतात. त्यांना मात्र तेल लागतं. पोट आणि पेटी यांच्या मध्ये तेल अडवणारं सील. असं हे पोट कोरडं आणि शेपूट ओली असलेलं जनावर.

"लक्षात ठेव समुद्रवाले," थावरूभाऊ सांगायचे, "जिथं तेल नाही तिथं फट पाहिजे. जिथं फट नाही तिथं तेल पाहिजे. दोनीही नसन तं आग."

"आणि फट जास्त झाली तर?"

"तं हवा माघारी येते. मशीन फिरते, बिल येते, हवा येत नाही. फट मापात पाहिजे."

हे मापात ठेवणं त्यांनी स्वतःच्या अंगावरही घेतलं होतं. म्हणून शर्ट ढगळ, चपला मोठ्या. कॅन्टीनमध्ये सगळे पोह्यांवर लाल तर्री ओतून घ्यायचे, हे कोरडे पोहे मागायचे. यवतमाळ जिल्ह्यात तर्रीला नाही म्हणणारा माणूस म्हणजे जवळजवळ पोलीस केस. कॅन्टीनवाला दर वेळी विचारायचा, "भाऊ, तबेत बरी हाय ना?"

"मी बी ऑइल फ्री हाव," भाऊ म्हणायचे आणि डब्यातली ज्वारीची भाकर काढायचे.

मशीन बंद करून काही काम केलं की चालू करण्याआधी त्यांचा एक विधी असायचा. वीज तोडलेली, कुलूप लावलेलं, किल्ली त्यांच्या खिशात. मग मोटर आणि मशीन यांना जोडणाऱ्या कपलिंगवर ते उजव्या हाताची करंगळी ठेवायचे आणि हळूच ढकलायचे. ते फिरलं तर ठीक. अंगठा लागला तर सगळं पुन्हा खोलायचं. मी आधी अख्ख्या पंज्यानं जोर लावून फिरवून दाखवलं होतं.

"तू मशीन फिरवून राह्यला का कुस्ती खेळून राह्यला?"

"फिरलं ना भाऊ."

"तुह्या ताकदीनं फिरलं. त्याच्या राजीखुशीनं नाही फिरलं." मग ते ड्रमवर बसले. "माहा आजा लदेनीचे बैल चालवे. पाठीवर मीठ, धान्य. तुमच्या समुद्राकडूनच येत असन ते मीठ, काय ठावूक. आजा म्हने, ओझ्यानं बैल मरत नाही, घासन्यानं मरते. दोन गोन्या लादल्या तं बैल चालन दहा कोस. पन खोगिराची एक दोरी घासली, जखम झाली, का बैल खल्लास. म्हनून रोज संध्याकाळी पयले बैलाच्या पाठीवर हात फिरवाचा, मंग आपन जेवाचं."

तेव्हापासून मीही तो हात फिरवायला शिकलो. पेटीवर तळवा ठेवायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं. सोसवलं तर बरं.

कंपनीचा इंजिनीअर लॅपटॉप घेऊन यायचा. त्याच्याबरोबर भाऊंची लढाई नसायची, उलट त्याला मोठ्या आदरानं खुर्ची द्यायचे. तो सांगायचा, घर्षणात इतकी वीज जाते, पाइपच्या वळणात इतका दाब जातो. भाऊ मान डोलवायचे आणि तो गेल्यावर त्यातलं बरंच काही स्वतःच्या हातानं करायचे. काटकोनातली पाइपांची वळणं काढून लांब, गोल वळणं टाकली. "हवा बी कोपऱ्यात घासते ना बापा. आपल्याले गल्लीत वळाले जागा लागते तं तिले नाही लागत?" हवा आत घेणाऱ्या जाळीवर कापसाची उडती रुई बसायची, ती दिवसातून दोनदा ब्रशनं काढायला लावली. मोटर आणि मशीन यांची रेष जुळवताना कागदाची पट्टी घालून, जीभ दाताखाली धरून, अर्धा अर्धा दिवस बसायचे. असं करत करत, मशीन किती वीज ओढतं ते दाखवणारा अँपिअरचा काटा ब्याण्णववर आणला होता. मी येण्याच्या कितीतरी आधीपासून तो ब्याण्णव म्हणजे त्यांच्या घरची अब्रू होती.

पण एक गोष्ट त्यांना छळायची. दर वर्षी पोळा झाला की काटा शहाण्णववर जायचा. कुठे काही बदललेलं नाही, व्होल्टेज तेच, बेअरिंग ठीक. दिवाळीपर्यंत हळूहळू उतरायचा आणि संक्रांतीला पुन्हा ब्याण्णव. इंजिनीअर म्हणायचा, दमट हवा. भाऊ म्हणायचे, "दमट हवा तं आखाडात बी असते. तेव्हा काहून नाही?" एकोणीस वर्षं तो चोर त्यांना सापडला नव्हता. आणि आता त्यांच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती.

"रिटायर व्हाच्या आदी हे चार अँपिअर कोन खाऊन राह्यलं ते पाहतो," असं ते भिंतीकडे बघून म्हणायचे.

सायकलीबद्दल मी एकदा धीर करून विचारलं. एवढं सगळं घासणं बंद करणारा माणूस स्वतःच्या साखळीला दोन थेंब तेल का घालत नाही? त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं.

"वासुदेव जेवन झाल्यावर डुलकी घेते. शेख चाचा बी घेते. तू बी घेतं."

मी मान खाली घातली. वासुदेव आणि शेख चाचा कॉम्प्रेसरवर पहिल्या पाळीला असायचे, मी दुसऱ्या.

"मी चूपचाप आलो तं तुमी मले झोपलेले भेटान. झोपलेले भेटले तं मले बोला लागन. बोललो तं तुमचं तोंड उतरन, दिवसभर कामात मन लागनार नाही. आता साखळी कुरकुरते, तुमी उठता, मी येतो, सगळे जागे. कोनाची कोनासंग घासाघास नाही." मग हसून म्हणाले, "ते साखळी खराब नाही लेका. ड्युटीवर हाय."

माझं खरं दुखणं होतं रजिस्टर. दर तासाला मशीनचे आकडे लिहायचे: दाब, तापमान, अँपिअर. रकान्यांची नावं इंग्रजीत. मला आकडे वाचता यायचे, पण कुठला आकडा कुठल्या रकान्यात याची भीती वाटायची. शाळेत फळ्यापुढे उभं राहिल्यावर वाटायची तीच. म्हणून मी आधीच्या पाळीच्या माणसानं वर लिहिलेलं बघून खाली तेच उतरवायचो. महिनाभर माझ्या पाळीत मशीन इतकं शिस्तीत चाललं की कुठलंच मशीन तसं चालत नाही.

भाऊंनी एक दिवस पान उघडलं, चष्मा वर केला. "समुद्रवाले, काल चार ते सहा लाइट नव्हती."

"हो भाऊ."

"मंग पाच वाजता मशीन ब्यान्नव अँपिअर कसं खाऊन राह्यलं? डब्यातून?"

आता नोकरी गेली, असं मला वाटलं. मी सगळं सांगून टाकलं, आठवीपासून. मग कानामागची पेन्सिल काढून त्यांनी प्रत्येक रकान्यावर मराठीत नाव लिहिलं आणि शेवटच्या मोठ्या रकान्यावर लिहिलं, 'काय केलं, काय ऐकलं'.

"इथं तुह्या मनानं लिहाचं. मराठीत. मशीन कुठं इंग्रजी बोलते? जे केलं ते लिहाचं, जे ऐकलं ते लिहाचं. चुकलं तं चुकलं लिहाचं. खोडाचं नाही आन् पान फाडाचं नाही."

मी लिहायला लागलो. पहिल्या आठवड्यात एकेक ओळ. 'आवाज नीट.' 'जाळी झाडली.' मग हात मोकळा झाला. 'साडेपाचला आवाज जात्यात ज्वारी कमी पडल्यासारखा.' 'पेटीवर हात पाच मोजेपर्यंत राहिला, सहाला उचलला.' भाऊ रोज सकाळी ते वाचायचे, पेपर वाचावा तसे, चहाबरोबर. कधी वासुदेवला वाचून दाखवायचे. "पाय, पाय, काय लिवलं पोट्ट्यानं!" एकतिसाव्या वर्षी मला पोट्टा म्हटलेलं बरं वाटायचं.

मग पोळा आला. माझा इथला पहिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी इकडे खांदमळण असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोललेला असतो, त्याला हळद आणि लोणी लावून चोळतात, शेकतात आणि त्याच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे मला पहिल्या पाळीच्या वासुदेवनं सांगितलं. मी तीन वाजता पाळीवर आलो तेव्हा तो खिडकीकडे बोट दाखवून कुजबुजला.

"आज खांदमळन हाय. खिडकीत पितळेचा लोटा हाय. तेलाचा एक लोटा भरून पेटीत टाकजो, आवतन देजो मशीनले. वर्षभर आपल्याले पोसते ते. पन भाऊले सांगू नोको, त्याहिले तेल वाया गेलेलं चालत नाही."

"तू टाकलास?"

"मी काय म्हनतो ते कर ना बापा."

मी पाच वाजेपर्यंत लोट्याकडे नुसता पाहत राहिलो. पण खरं सांगायचं तर मलाही त्या मशीनचे उपकार वाटत होते. घरापासून इतक्या लांब मला उभं राहायला जागा दिली होती ती त्यानंच. पाचला झाकण उघडलं, लोटा ओतला, हात जोडले आणि सांगितल्याप्रमाणे म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग शिकवल्याप्रमाणे रजिस्टरात लिहिलं: 'पाच वाजता. आज खांदमळण. मशीनला एक लोटा तेल पाजलं.' आणि सहा वाजता: 'अँपिअर चार वाजेपर्यंत ९६ होते, आता ९८. पेटी गरम. हात तीन मोजेपर्यंतच.'

दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्याला, सूत गुंडाळलेल्या शंकूंवर, म्हणजे कोनांवर, पिवळट ठिपके दिसले. एकदोन नाही, ओळीनं. मशीन बंद केलं. मॅनेजरसाहेब लाल चेहऱ्यानं शेडमधून फिरत होते. हवेतून तेल आलं होतं, आणि हवा देणारं मशीन एकच.

मी कॉम्प्रेसर रूममध्ये एकटा होतो. समोर रजिस्टर उघडं आणि त्यात माझ्याच अक्षरात माझा गुन्हा. ते एक पान गेलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. पान दोन बोटांत धरून मी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. आई आठवली, 'बघू' आठवलं. आणि भाऊंचं 'फाडाचं नाही' आठवलं. शेवटी रजिस्टर छातीशी धरून मी मशीनमागे गेलो. तिथं भाऊ गुडघे टेकून गाळणी खोलत होते.

"भाऊ, एक विचारू?"

"विचार."

"बैलाला तेल पाजतात का?"

"काय?"

"खांदमळणीला. म्हणजे पाजतात की लावतात?"

"लावतेत ना बाप्पा. खांद्याले लावतेत. पाजाचं काय हाय त्यात, बैल का..." ते बोलता बोलता थांबले. त्यांची नजर पेटीच्या झाकणावर गेली. मग माझ्या हातातल्या रजिस्टरवर. मी पान पुढे केलं. त्यांनी एकदा वाचलं, दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. चार वाजता ९६. पाच वाजता लोटा. सहा वाजता ९८.

"लोटा कोनता? पितळेचा?"

"हो."

"खिडकीतला?"

"हो."

थावरूभाऊ सावकाश ड्रमवर बसले. टोपी काढली. टकलावरून हात फिरवला.

"तो लोटा मी आनला होता," ते म्हणाले. "एकोनीस वर्षांपयले. घरून."

मला काही कळेना.

"दर खांदमळनीले मी सकाळी सहाले येतो. कोनी याच्या आदी. एक लोटा टाकतो. आवतन देतो. म्हनलं, लोकाले कायले सांगाचं, हसतीन मले." ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांच्या ढगळ शर्टाच्या आत काहीतरी हलायला लागलं. माणूस हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. "एकोनीस वर्षं मी चोराले शोधून राह्यलो, समुद्रवाले! आन् चोराच्या हातात माहाच लोटा!"

वासुदेवला हाक मारली. तो आधी नाही म्हणाला, मग भाऊंचं हसू पाहून कबूल झाला. शेख चाचांना घरी फोन केला. ते म्हणाले, "मी बी टाकतो ना भाऊ. बैल तं माह्याकडं बी हाय. मशीन कायले उपाशी ठेवाचं?" प्रत्येकानं एकमेकांपासून लपवून, एकाच लोट्यानं. दर वर्षी तीन लोटे जायचे. पेटीत गरजेपेक्षा जास्त तेल झालं की चाकं ते घुसळत बसतात, ताकासारखं. फेस येतो, पेटी तापते, मोटरला जोर लागतो. मग जास्तीचं तेल दिवाळीपर्यंत पेटीची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून झिरपून जायचं आणि काटा खाली यायचा. तेल दाखवणारी काच इतकी पिवळी पडली होती की पातळी कुणाला दिसायचीच नाही. या वर्षी माझा लोटा चौथा. तो सीलला झेपला नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही रांगेनं उभे राहिलो. शेख चाचा पोळ्याचे नवे कपडे घालून आले होते.

"कोणी घातलं तेल?" साहेब ओरडले.

मी रजिस्टर टेबलावर ठेवलं.

"चार लोटे होते साहेब," थावरूभाऊ म्हणाले. "पयला माहा."

"दुसरा माहा," वासुदेव.

"तिसरा मेरा साब, माहा," चाचांची घाईत भाषा बदलली.

"चौथा माझा," मी म्हणालो.

साहेब आमच्याकडे पाहत राहिले. "तुम्ही बैलांचा पोळा करता की माझा?" मग माझ्या रजिस्टरवर टकटक केली. "आणि ह्यानं तर लेखी दिलंय! ह्याला कशाला ठेवायचा?"

"म्हनूनच ठेवा साहेब." भाऊंनी टोपी हातात धरली होती. "एकोनीस वर्षं मी त्या मशीनजवळ हाव. मले जे दिसलं नाही ते याच्या अक्षरात दिसलं. बाकी आमी तिघं लपवून राह्यलो होतो. यानं लिवलं. पान फाडता आलं असतं त्याले, दोन मिनिटाचं काम. आनून देल्लं. मले दोन वर्षांनी जावाच लागते. माह्यामागं मशीनजवळ खरं लिवनारा मानूस पाहिजे, हुशार नसला तरी चालते."

ते शेवटचं मला थोडं लागलं, पण तेव्हा तक्रार करायची वेळ नव्हती.

साहेबांनी भाऊंना एक ताकीदपत्र दिलं. लेखी, शिक्क्याचं. भाऊंनी ते कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीवर चिकटवलं. "गिरनीकडून माह्या नावानं आलेलं पयलं पत्र हाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. डागी कोन वेगळे काढले, हवेची पूर्ण लाइन धुतली. दोन दिवस आम्ही तेलकट हातांनीच जेवलो. पेटीतलं जास्तीचं तेल काढलं तेव्हा तोच पितळेचा लोटा मोजायला घेतला. साडेतीन भरले. काच घासून स्वच्छ केली. कॅन्टीनवाल्याच्या मुलीच्या नेलपॉलिशची बाटली आणून भाऊंनी तिच्यावर लाल रेघ मारली, जीभ दाताखाली धरून.

मशीन चालू केलं. काटा वर गेला, थरथरला आणि एक्याण्णववर येऊन थांबला. ब्याण्णव नाही, एक्याण्णव. भाऊंनी काट्याच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा हलला नाही. ते कोपऱ्यात गेले, डबा उघडला आणि भाकर खायला लागले. त्या दिवशी मात्र त्यांनी कॅन्टीनमधून वाटीभर तर्री मागवली.

नंतरच्या पोळ्यापासून आमच्या मशीनची खांदमळण उघडपणे होऊ लागली. कपलिंगवरच्या जाळीला बाहेरून हळद आणि लोण्याचं बोट. पेटीच्या झाकणाला तार आणि सील. आवतण चौघांनी मिळून, मोठ्यानं. आणि पोळ्यानंतर काटा जागच्या जागी. साहेबही एकदा येऊन बोट लावून गेले. 'बघू' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. डाग पडले त्याच वर्षीच्या दिवाळीत माझं नाव पक्क्या हजेरीवर चढलं होतं. आईला सांगायला फोन लावला, तर तो भाऊंनीच माझ्या हातातून घेतला. "याडी, तुमचा पोरगा चांगला हाय. जेवन कमी करते फक्त."

त्यांची निवृत्ती ज्या दिवशी आली तो दिवस खांदमळणीचाच निघाला. दुपारी ऑफिसात शाल, नारळ, साहेबांचं भाषण. मी त्या समारंभाला पाच मिनिटंच थांबलो. मशीनचं एक बेअरिंग मी आदल्या दिवशी पहिल्यांदा एकट्यानं बदललं होतं. वीज तोडून, किल्ली खिशात ठेवून मी कपलिंगला करंगळी लावणार होतो, पण धीर होत नव्हता. समजा, फिरलं नाही तर? म्हणून आधी रजिस्टर काढलं आणि लिहीत बसलो. 'बेअरिंग बदललं. रेष कागदानं जुळवली. करंगळी अजून लावली नाही. भीती वाटते.'

"भीती वाटते हे बी लिवलं का?"

मी दचकून उठलो. भाऊ माझ्यामागे उभे होते. खांद्यावर शाल, हातात नारळ. कधी आले होते, किती वेळ उभे होते, मला काही कळलंच नव्हतं.

"भाऊ, आवाज नाही आला?"

"लाव करंगळी."

मी लावली. ते जड लोखंड क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं, आणि मग फिरलं. मी बोट काढलं तरी अर्धा फेरा स्वतःहून फिरत राहिलं. भाऊंनी मान डोलावली. नारळ माझ्या हातात दिला. मग जाळीवर हळदीचं बोट लावलं आणि मशीनकडे नाही, माझ्याकडे पाहून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, समुद्रवाले. तांड्यावर. याडीनं सांगितलं हाय. पुरनपोळी हाय. तुमच्या मिठाचं देनं हाय आमच्यावर."

मी हो म्हणालो.

ते बाहेर गेले, सायकलला टांग मारली. मी दारात उभा राहून वाट पाहत होतो, पण साखळी कुरकुरली नाही. तिच्यावर तेल चमकत होतं.

"भाऊ, तेल घातलंत?" मी ओरडून विचारलं.

"आता कोनाले उठवाचं हाय?" त्यांनी मागे न पाहता हात वर केला.

ढगळ शर्ट वाऱ्यानं फुगला होता. सायकल फाटकाकडे निघाली, कडुनिंबाखालून गेली, आणि झाडावरचा एकही कावळा उडाला नाही.